महालाखालची माती

धाब्याच्या घरात ज्यांनी दिवस काढले नाहीत त्यांना आधी धाबं म्हणजे काय ते सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. धाबं म्हणजे मातीचं सपाट छत. भिंतींवर सागाचे नाट, म्हणजे जाड आडवी लाकडं, टाकायची, नाटांवर तुरीच्या वाळक्या तुराट्या अंथरायच्या, त्यावर पळसाची पानं, पानांवर साधी माती चोपून बसवायची आणि सगळ्यात वर पांढऱ्या मातीचा थर. पाणी अडवते ती ही वरची पांढरी माती. दुसरी कोणतीही माती चालत नाही. काळी माती उन्हात भेगाळते आणि पावसात तिचा चिखल होतो. पांढरी एकदा दाबून बसली की पाणी तिच्यावरून निघून जातं. पण दर पावसाळ्यात ती थोडी वाहून जाते, म्हणून दरसाल उन्हाळा सरताना नवीन थर घालावा लागतो. एक साल चुकलं तर घर गळतं. आणखी चुकलं तर नाट कुजतात आणि घर अंगावर येतं.

ही माती शेतात मिळत नाही. जुनं गाव जिथं पडून मेलं तिथंच मिळते. आमच्या गावाच्या उगवतीला असं एक मोठं टेकाड होतं. आम्ही त्याला पांढरी म्हणायचो. वाशीमकडच्या शिरपूरला जाणाऱ्या गाडीवाटेवरून ते लांबून दिसायचं. त्यात कधीच्या काळची घरं गाडली गेली होती. ताटाएवढ्या रुंद विटा निघत. खापरं निघत, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे निघत, मातीचे मणी निघत. मणी आम्ही पोरी दोऱ्यात ओवून गळ्यात घालायचो. माथ्यावर नक्षीचे दगडी खांब आडवे पडलेले होते. कोणी म्हणे देऊळ होतं, कोणी म्हणे राजाचा वाडा. एका खांबावर धोब्याची बाई कपडे आपटायची. जुन्या गावाचं आम्हाला एवढंच कौतुक.

माती काढायची एक रीत होती. बाया खालून, पायथ्याशी खणत, कारण खालची माती जास्त पांढरी. खणता खणता पोकळी होते आणि वरची दरड पुढं आलेली राहते. ती कधी खाली येईल सांगता येत नाही. म्हणून उन्हाळ्यात माती काढायच्या दिवशी आधी गावचा राखणदार, जागल्या, लोखंडी सब्बल घेऊन टेकाडावर चढायचा. वरून तो दरडीच्या मागं सब्बल रोवायचा आणि ओरडायचा, "सरका वं बायाहो!" सगळ्या बाया लांब उभ्या राहायच्या. दरड धपकन खाली यायची. धूळ बसली की मग बाया टोपली घेऊन पुढं व्हायच्या आणि पडलेली माती भरायच्या. दरड पाडल्याशिवाय कोणी हात घालत नव्हतं. त्या दिवशी जागल्याला प्रत्येक घरून भाकरी जायची. ही रीत कोणी घालून दिली माहीत नाही. कोणीतरी मेलं असेल तेव्हाच घातली असणार.

त्या टेकाडावर महाल बांधला गेला.

बांधणारा आमच्याच गावचा. मोठं शेतकरी घराणं, हा शिकून अकोल्याला वकील झालेला. टेकाड त्याच्या घराण्याचं होतं, पण माती गावाची होती, असं गाव धरून चाललं होतं. आजवर तसा प्रश्न आला नव्हता. वकिलाला जुन्या गोष्टींचं वेड होतं. इथं मोठं राज्य होतं, तेव्हा आपले लोक असे अडाण्यासारखे राहत नव्हते, असं तो पारावर बसून सांगायचा. त्याला जुन्या राजांच्या घरासारखं घर पाहिजे होतं. मुंबईहून कोणाकडून तरी नकाशा करून आणला. कापसाला भाव होता तेव्हाची गोष्ट. मी तेव्हा सहा-सात वर्षांची असेन.

माझा बाप त्याच्या आधीच तापानं गेला होता. आई रोजानं कामाला जायची, म्हणून महालाच्या बांधकामावरही गेली. चुना, पाणी, विटा डोक्यावर वाहायची. मी तिच्या मागं फिरायचे, त्यामुळं महाल उभा राहताना मी पाहिला आहे.

मिस्त्री वाशीमचा मुसलमान होता. हात चांगला आणि जीभ त्याहून चांगली. आईला म्हणायचा, "अवं बाई, पानी किती टाकलं? चुन्याची कढी करून राह्यली काय?" आई म्हणायची, "कढी झाली तं पिऊन टाक, आवाज तरी बसंल तुहा." असं दिवसभर चालायचं.

पाया खणताना त्या रुंद विटा ढिगानं निघाल्या. माथ्यावरचे नक्षीचे खांबही होते. ते फोडले, विटांचे तुकडे केले आणि सगळं पायात भर म्हणून टाकलं. वर मात्र नवीन विटांचे गोल खांब बांधले, त्यांना चुन्याचा गिलावा केला आणि त्या गिलाव्यात कमळं कोरली, जुनी दिसावी म्हणून. खरी जुनी नक्षी खाली गाडली आणि खोटी वर लावली. मला तेव्हाही ते विचित्र वाटलं होतं, पण मजूर बाईच्या पोरीला कोण विचारतो. एक खरा खांब तेवढा वकिलानं दारापाशी उभा करवला. कोपऱ्यावर घुमट होता, कमानीच्या खिडक्या होत्या, दिवाणखान्यात मुंबईहून आणलेली हिरव्या-लाल फुलांची फरशी होती. छपराखाली चुन्याची हत्तीची डोकी ओळीनं लावली होती. जागल्यानं एकदा मिस्त्रीला विचारलं, "काहो, धडं कुठी गेली हत्तीची?" मिस्त्री इकडंतिकडं पाहून म्हणाला, "दिवानखान्यात. कोच रिकामा नाई तेच्यानं." वकील अंगानं जाड होता.

महाल झाला, जेवणावळ झाली, वकिलाची बायको अकोल्याहून राहायला आली. मग टेकाडाभोवती काटेरी तार लागली.

पहिल्या उन्हाळ्यात बाया टोपली घेऊन गेल्या तर तारेपाशी नोकर उभा. माती काढायची नाही. का, तर खालून माती गेली की वरचं घर खचेल. यात खोटं काही नव्हतं. वकील वाईट माणूस नव्हता, त्यानं बायांना मागच्या, उत्तरेच्या बाजूनं माती न्यायला मोकळीक दिली. पण त्या बाजूची माती राखेची. जुन्या गावाचा उकिरडा तिथं असावा. करडी, भुसभुशीत, हाडांचे तुकडे असलेली. आईनं तीच नेली आणि घातली. त्या पावसाळ्यात आमचं घर चाळणीसारखं गळलं. निजायला कोरडी जागा म्हणून आम्ही मायलेकी जात्याच्या कोपऱ्यात बसून राहायचो. भिंतीचा एक कोपरा फुगून आला.

ज्यांच्याकडं बैलगाडी होती ते आमच्याकडच्या मालेगावच्या बाजूच्या एका गावातून, तिथल्या सोयऱ्यांच्या ओळखीनं माती आणू लागले. ज्यांना सोयरे नव्हते त्यांनी धाबं उतरवून कौलं किंवा गवत घातलं. आमच्याकडं गाडी नव्हती. काकाकडं होती.

काका म्हणजे माझ्या बापाचा धाकटा भाऊ. त्याचं घर आमच्या घराला लागून, मधे एकच भिंत. बाप गेल्यापासून त्याचं एकच म्हणणं होतं, की आम्ही त्याच्या चुलीवर यावं. तो आम्हाला उपाशी ठेवणार नव्हता. पण एकदा एक चूल झाली की आमचं घर त्याचं होणार, आई त्याच्या घरी काकूच्या हाताखाली राबणार, आणि मला तो देईल त्याला द्यावं लागणार, हे आईला दिसत होतं. जोवर आमच्या डोक्यावर आमचं धाबं होतं तोवर ती त्याला नाही म्हणू शकत होती. आमच्या घराची गोष्ट एवढीच होती.

पहिला गळका पावसाळा गेल्यावर तो ओट्यावर येऊन बसला. "वयनी, कायले जीव काढून राह्यली? म्या गाडी जुपतो, माती आनून देतो. पन चूल एक करा. दोन घरं कोन सांभाळीन?"

आई सरकी निवडत होती. मान वर केली नाही. "भाऊजी, माती माह्या धाब्यासाठी आनता का तुमच्या?"

"अवं, एकच तं हाय."

"एकच असतं तं मंदात भित कायले राह्यली असती?"

काका उठून गेला. त्याला घाई नव्हती. त्यानं फक्त पाऊस पडू द्यायचा होता.

दुसऱ्या उन्हाळ्यात आई वकिलाकडं गेली. मला सोबत घेतलं. महाल बांधल्यावर ती पहिल्यांदा त्याच्या पायऱ्या चढली, आणि त्याही सगळ्या नाही. वकील व्हरांड्यात आरामखुर्चीत होता. त्यानं आईला ओळखलं, बस म्हणाला. आई उभीच राहिली. तिनं घराचं सांगितलं.

वकील म्हणाला, "बाई, तुम्ही लोक याला नुसती माती समजता. इथं हजार-दीड हजार वर्षांपूर्वी शहर होतं. मोठमोठी घरं होती."

"असतीन ना. ते पडले म्हनून तं माती झाली," आई म्हणाली.

तो हसला. मग समजावून सांगू लागला. "हे पहा, तुम्ही खालून माती नेली, तर माझं घर खाली जाईल."

"अन् नाई नेली तं माहं वरतून येते."

 त्याच्या पायाशी एक लाकडी पेटी होती, तिच्यात आम्ही पोरी गळ्यात घालायचो तसले मणी कापसात ठेवले होते. त्यातला एक मणी त्यानं उचलून पुसला आणि परत ठेवला. मग म्हणाला, "कौलं घाला ना."

आईनं सांगितलं की कौलांना उतार लागतो, भिंती उंच कराव्या लागतात, नाट बदलावे लागतात. त्यातलं काही तिच्या हातचं नव्हतं.

"बरं, मी पाहतो," वकील म्हणाला. आई पायऱ्या उतरली. वाटेत मी विचारलं, काय पाहतो? ती म्हणाली, "पाऊस."

त्यानं खरंच काही पाहिलं नाही. आईनं जुनीच माती उकरून, भिजवून, शेण घालून पुन्हा लिंपली. त्या पावसाळ्यात एक नाट मधून वाकला. खाली लाकडाचा टेकू दिला. टेकू घराच्या बरोबर मधे उभा, त्याला वळसा घालून चुलीपाशी जावं लागायचं. काका येता-जाता टेकूकडं पाहायचा. काकूनं तर एकदा येऊन आमची भांडी कुठं ठेवता येतील तेही सांगितलं.

तिसरा उन्हाळा आला. आईनं ठरवलं की तारेच्या आत जायचं. शेजारची पिंजारीण तिच्या सोबत तयार झाली. तिचंही धाबंच होतं आणि तिचा नवरा गादी भरायला गावोगाव फिरायचा. आई तिला आपा म्हणायची. आणखी काही बाया होत्या. भर दुपारी जायचं ठरलं, कारण दुपारी महालातली माणसं खिडक्या लावून झोपायची आणि नोकर आमराईत जाऊन पडायचा.

तारेखालून आम्ही सरपटत गेलो. आपाची ओढणी तारेला अडकली, ती म्हणाली, "पाह्य वं, वकीलसाहेब मले सोडूनच नाई राह्यले." बाया तोंडावर पदर धरून हसल्या. आईही हसली. ते मला पक्कं आठवतं.

टेकाडाच्या त्या अंगाला जुनी खणलेली पोकळी तशीच होती आणि तिच्यावर दरड पुढं आलेली. तिच्या बरोबर वर महालाचा मागचा व्हरांडा आणि न्हाणीघर. न्हाणीघराच्या मोरीचं पाणी नळीनं बाहेर पडून त्या दरडीतच मुरायचं. तीन वर्षं मुरत होतं. महाल नव्हता तेव्हा तिथं पाणी नव्हतं.

आपा वर पाहून म्हणाली, "बाई, दरड पाडली नाई."

"कोन पाडीन? वरतं जागल्या चढवू का, वकिलाच्या मोरीत?" आई म्हणाली.

"मंग दुसरीकून घेऊ."

"दुसरीकडं टणक हाय. कुदळीचा आवाज होईन, सारे उठतीन. हे ओली हाय, हातानं निघते."

हीच चूक झाली. ओली होती म्हणून मऊ होती, मऊ होती म्हणून आवाज नव्हता, आणि ओली होती म्हणूनच जड होती. तिथं जमलेल्या प्रत्येक बाईला हे एरवी कळलं असतं. जागल्याचं ओरडणं ऐकून लांब सरायची सवय साऱ्यांच्या अंगात होती. ओरडणारा नसला की सरायचं, हे कोणाच्या अंगात नव्हतं.

आई सगळ्यात आत होती. ती कुदळीनं ओढायची, आपा टोपलं भरायची, बाकीच्या तारेपलीकडं नेऊन टाकायच्या. मी तारेपाशी रिकामी टोपली देत होते. मोठा आवाज झाला नाही. ज्वारीचं पोतं खांद्यावरून टाकावं तेवढाच झाला. मी वळून पाहिलं तर आई दिसत नव्हती आणि आपा गुडघ्यापर्यंत मातीत उभी राहून ओरडत होती.

सगळ्या बाया हातांनी उकरू लागल्या. आईचं डोकं आणि एक हात आधी मोकळा झाला. ती श्वास घेत होती. वर महालाच्या खिडक्या उघडल्या. मोलकरीण डोकावली, मग वकील धावत खाली आला. अंगात नुसती बंडी, पाय उघडे. मला वाटलं आता मारतो. तो बायांच्या मधे गुडघ्यावर बसला आणि हातांनी माती उपसू लागला. वर त्याच्या व्हरांड्याचा कोपरा अधांतरी लोंबत होता, फरशीची कड बाहेर आली होती. आई निघेपर्यंत त्यानं एकदाही वर पाहिलं नाही. त्याच्या बाजूनं एवढं लिहायलाच पाहिजे.

आई निघाली तेव्हा तिचा उजवा पाय भलतीकडं वळला होता आणि कमरेखाली ती हलत नव्हती. तिला बाजेवर घातलं. तोंडातली माती थुंकून ती पहिलं काय बोलली, तर, "दरड पडली ना? न्या मंग."

"पागल झाली काय वं?" आपा रडत म्हणाली.

"आता पडली हाय, आता काय करते ते? भरा. उद्या हे लोक तार डबल करतीन."

आणि बायांनी भरली. दुपार कलेपर्यंत तीच माती टोपल्या-टोपल्यांनी आमच्या धाब्यावर गेली. वकील तिथंच उभा होता. त्याला कोणी विचारलं नाही आणि त्यानं कोणाला अडवलं नाही. मी धाब्यावर चढून माती पायांनी तुडवली, आपानं लाकडी थापीनं चोपली. खाली घरात हाड बसवणारा आईचा पाय ओढत होता. आईचं ओरडणं धाब्यातून वर ऐकू यायचं. मी तुडवत राहिले. माती वाळायच्या आत दाबली नाही तर वाया जाते.

संध्याकाळी काका आला. बाजेपाशी बसून म्हणाला, "वयनी, आता तं या आमच्याकडं. आता कोन करीन तुमचं?"

आई पांढरीफटक पडली होती. म्हणाली, "आता कायले? धाबं झालं."

त्या पावसाळ्यात घर गळलं नाही. आई पुन्हा सरळ चालली नाही. बसल्या-बसल्या हातांवर सरकत घरभर फिरायची. आपा तिला रुई आणून द्यायची, ती पिंजलेल्या कापसाच्या वाती आणि सूत कातायचे पेळू करायची. महाल झाल्यावर आईनं मला गावच्या शाळेत घातलं होतं, ती शाळा त्या दिवसापासून संपली. पाणी, सरपण, लिंपण सगळं माझ्याकडं आलं. काकाला मात्र घर मिळालं नाही, आणि माझं लग्नही आईनंच तिच्या ओळखीतून, केनवडच्या बाजूला, साध्या घरी लावलं. दागिना नाही, काही नाही. पण तिच्या दारातून लावलं.

महालाचं पुढं असं झालं. व्हरांड्याखाली मिस्त्रीनं दगडी भिंत बांधून आधार दिला. दगड कमी पडले म्हणून दारातला तो एकुलता खरा खांबही त्यात गेला. तरी भेगा पडायच्या थांबल्या नाहीत. दरसाल उन्हाळ्यात मिस्त्री यायचा आणि चुन्यानं भेगा भरायचा. पावसाळ्यानंतर त्या पुन्हा उघडायच्या. घुमटाला एक भेग इतकी रुंद गेली की तिच्यातून पोपट आतबाहेर करायचे. मिस्त्री एकदा आईला पाहायला आला तेव्हा म्हणाला, "बाई, तुहं धाबं अन् वकीलसाहेबाचा महाल, दोन्हीले दरसाल लिंपन. फरक काय राह्यला?"

"माहं गळत नाई," आई म्हणाली.

मग अठरा सालचा मानमोडीचा ताप आला. आमच्या भागात घरंच्या घरं रिकामी झाली, प्रेतं न्यायला माणसं मिळेनात. वकिलाची बायको महालात वारली आणि माझी आई आपल्या धाब्याखाली वारली, एकाच आठवड्यात. मी सासरी आजारी पडून होते, मला कळलं तेव्हा सगळं उरकलं होतं. आपानं सांगितलं की शेवटी आई पाणी मागत होती आणि वर पाहत होती. त्यात काही अर्थ शोधण्यासारखा नाही. बाजेवर पडलेलं माणूस वरच पाहतं.

घर काकानं घेतलं. मुलीचा हक्क तेव्हा कोण विचारत होतं. त्यात कोणी राहिलंही नाही. सागाचे नाट चांगले होते, ते काढून त्यानं आपल्या गोठ्याला लावले. नाट काढल्यावर धाबं खाली बसलं, दोन पावसाळ्यांत भिंती विरघळल्या. आईनं ज्याच्यासाठी कंबर मोडून घेतली ते घर असं गेलं. मी बाळंतपणाला माहेरी म्हणून काकाकडं गेले तेव्हा तिथं मिरच्या लावल्या होत्या. मिरच्या चांगल्या आल्या होत्या.

वकील बायको गेल्यावर अकोल्याला परतला. महालाला कुलूप लागलं. काही वर्षं एक राखणदार होता, मग तोही गेला. वकील मेल्याचं ऐकलं. मुलं बाहेरगावी, कोणाला त्या घराचं काही नव्हतं. आधी दारं-खिडक्या गेल्या, मग लाकूड. घुमट एका पावसाळ्यात बसला. हत्तींची डोकी एकेक करून पडली, पोरांनी त्यांच्या सोंडांनी बोरं पाडली. काटेरी तार लोकांनी आपल्या कुंपणांना नेली, व्हरांड्याखालच्या भिंतीचे दगडही नेले. न्हाणीघराची मोरी तुटली तरी तिथली दरड वर्षानुवर्षं पुढं येतच राहिली, कारण आता उघड्या पडलेल्या घराचं सगळं पाणी तिकडंच यायचं.

माझ्या सासरचंही धाबंच. तिथली पांढरी लोकांनी गाड्या भरून शेतात खत म्हणून नेली, ती संपली. देश स्वतंत्र व्हायच्या थोडं आधीची गोष्ट. आमचं धाबं गळू लागलं, नवरा म्हणाला कुठून माती आणावी. परक्या गावाला कोणी देत नाही, पण मी त्या गावची लेक होते. गाडी घेऊन मी माहेरी आले. बरोबर माझी थोरली सून होती. गावातल्या तरुण बायाही माती काढायला निघाल्या होत्या, कारण तार गेल्यापासून जो तो वाटेल तसा खणत होता. मी जाऊन पाहिलं. बाया सरळ पोकळीत बसून खणत होत्या. वर व्हरांड्याखालची ती भलीमोठी दरड, तिच्यावर महालाचा उरलेला भाग. ती जुनी रीत मधल्या वर्षांत विसरली गेली होती.

"बाहेर या," मी म्हणाले.

"काहून वं आत्याबाई? काई नाई होत, आमी रोज काढतो."

"बाहेर या म्हनलं ना. जागल्याचा पोरगा कुठी हाय?"

जागल्याचा पोरगा म्हणजे आता चांगला बाप्या झालेला. त्याला बोलावलं. त्याला रीत ऐकून माहीत होती, केली कधी नव्हती. सब्बल घेऊन तो वर चढला. दरडीचा माथा शोधत गेला तो थेट दिवाणखान्यात पोचला. भिंती गेल्या होत्या, पण फरशी तशीच होती. खालून मला त्याचे पाय दिसत होते आणि पायांखाली हिरवी-लाल फुलं.

तो वरून ओरडला, "आत्याबाई, अठी फरशी हाय वकिलाची! लय चांगली हाय. बाजूनं पाडू का?"

"दरड कुठून सुटून राह्यली ते पाह्य."

तो वाकून पाहू लागला. "फरशीखालूनच सुटली हाय."

"मंग तठीच घाल सब्बल."

सून माझ्या कानाशी म्हणाली, "मालक कोनी आला तं?"

 एक तरुण पोर अजून टोपलं घ्यायला पोकळीकडं चालली होती, तिचा दंड धरून मी तिला मागं ओढलं. जोरानं ओढलं असेल मी, ती कळवळली.

वरून त्यानं फरशीत सब्बल घातली. पहिल्या घावाला फरशी फुटल्याचा आवाज आला. तो थांबला, मी हातानं खूण केली, त्यानं पुन्हा घातली. मग त्याच्या बापासारखाच, त्याच सुरात, तो ओरडला, "सरका वं बायाहो!"

आम्ही सरलोच होतो. दरड आली, तिच्यासोबत दिवाणखान्याचा अर्धा तुकडा आला, खालच्या रुंद विटा आल्या, फोडून भरलेल्या खांबांचे दगड आले. धूळ बसायला वेळ लागला. मी बायांना तोवर पुढं जाऊ दिलं नाही.

मग आम्ही गाडी भरली. मातीतले फरशीचे तुकडे आणि दगड मी घरी गेल्यावर चाळून काढले. माती चांगली होती.